जतन करणाऱ्यांनो, थोडे शिका!

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एका समारंभात माझ्या हातून एक चूक झाली. परिसंवादाचा विषय होता ‘लोपत चाललेल्या कला’. मी हस्तव्यवसायाचा निवृत्त शिक्षक आणि त्यातून सुताराचा मुलगा, म्हणून मला बोलावले होते. मी वीस मिनिटे इशी नावाच्या एका धनुष्य करणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोललो. मी खाली बसल्यावर अध्यक्ष उठले. ते म्हणाले, “किती हृद्य कहाणी! अशा कलावंतांचे वेळीच चित्रीकरण करून ठेवले पाहिजे. त्यांच्या वस्तूंचे एक दालन उभारले पाहिजे. जतन, जतन आणि जतन!” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मीही टाळी वाजवली.

ती टाळी ही माझी चूक. मी जे बोललो होतो त्याच्या नेमके उलटे अध्यक्ष बोलले होते, आणि भिडेखातर मी त्याला मान डोलावली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. ती टाळी परत घेण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो, म्हणजे भांडायचे असेल त्यांना सोपे जाईल. कला जतन करण्याने जगत नाही. ती शिकण्याने जगते. ज्याला शिकायचे नसते तो जतन करतो, आणि आपण फार मोठे काम केले असे समजून जेवायला बसतो. ‘हा शेवटचा कलावंत’ असे डोळे ओले करून म्हणणाऱ्या माणसाला मी आता एकच प्रश्न विचारतो: महाराज, तुम्ही त्याच्यापाशी किती दिवस बसलात?

आता इशीची गोष्ट. सभेत सांगितली तशी गोड करून सांगणार नाही.

२९ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्याच्या आवारात एक माणूस सापडला. वय पन्नासच्या आसपास, अंगावर जेमतेम चिंधी, उपासमारीने हाडे वर आलेली. सुतकात कापतात तसे डोक्याचे केस आखूड केलेले. ते त्याने जाळून आखूड केले होते, कारण त्याच्या लोकांत सुतकाची रीत तशी होती. त्याची भाषा कुणाला कळेना. गावच्या अधिकाऱ्याने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले, आणि बघ्यांची रीघ लागली.

तो याही लोकांपैकी होता. याना नावाच्या मोठ्या जमातीची ही एक शाखा. १८४९ नंतर सोन्याच्या लोभाने गोरे लोक कॅलिफोर्नियात घुसले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत याही लोकांच्या कत्तली झाल्या. उरलेली मूठभर माणसे डिअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत लपून राहिली. पाऊलखुणा पुसत, दगडावरून दगडावर उड्या मारत, धूर दिसणार नाही इतकीच चूल पेटवत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. १९०८ साली एका वीज कंपनीचे मोजणीदार त्या दरीत शिरले आणि त्यांना ती वस्ती सापडली. आजारी म्हातारी पांघरुणाखाली पडलेली होती, ती इशीची आई. बाकीचे पळाले. मोजणीदारांनी म्हातारीला इजा केली नाही, पण धनुष्ये, बाण, टोपल्या, पांघरुणे असे हाताला लागेल ते ‘आठवण’ म्हणून उचलून नेले. हिवाळ्याच्या तोंडावर एका घराची सगळी हत्यारेपात्रे गेली. आई लौकरच वारली. बहीण पुन्हा दिसली नाही. त्यानंतर तीन वर्षे तो एकटा होता.

वाचकहो, त्या मोजणीदारांना वाईट माणसे म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी केले ते ‘वस्तूंचे जतन’च होते. वस्तू घेतल्या आणि माणूस उघड्यावर टाकला.

विद्यापीठातून वॉटरमन नावाचे मानववंशशास्त्रज्ञ त्याला भेटायला तुरुंगात गेले. त्यांच्याजवळ याना भाषेतल्या शब्दांची यादी होती. ते एकेक शब्द वाचत गेले, समोरचा गप्प. शेवटी ‘सिविनी’ हा शब्द आला. सिविनी म्हणजे पाइनचे लाकूड. वॉटरमननी बसल्या खाटेच्या लाकडावर बोट वाजवून तो शब्द उच्चारला आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. सुताराचा मुलगा म्हणून मला ही जागा फार आवडते. दोन माणसांमधला पहिला शब्द लाकडाचा होता.

नाव विचारले तर तो सांगेना. त्याच्या लोकांत आपले नाव आपल्या तोंडाने घेत नसत, ओळखीच्याने करून द्यायचे. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, तशातली ही चाल. पण त्याचे नाव सांगणारे आता कुणी उरले नव्हते. म्हणून प्राध्यापक क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. खरे नाव त्याच्याबरोबर गेले.

त्याला ठेवले कुठे? सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात! राहायचे तिथेच, झाडलोटीला हात लावायचा, त्याचा पगार घ्यायचा, आणि रविवारी लोक आले की त्यांना बाणाची टोके करून दाखवायची, लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडून दाखवायचा. हजारो लोक येऊन पाहून गेले. क्रोबर आणि वॉटरमन यांनी त्याच्या भाषेचे, गाण्यांचे, गोष्टींचे ध्वनिमुद्रण केले. १९११ ते १९१४ या काळात मेणाच्या १४८ नळकांड्या भरल्या. १९१५च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर हा त्या काळचा थोर भाषाशास्त्रज्ञ खास येऊन त्याची भाषा टिपून गेला. म्हणजे आमच्या अध्यक्षांना जे हवे होते ते सगळे झाले. दालन झाले, मुद्रण झाले, जतन झाले.

आता हिशोब मांडा. ती याही भाषा आज कुणी आईच्या कुशीत बसून ऐकलेली नाही. घरात कुणी बोलत नाही. नळकांड्या मात्र सुखरूप आहेत.

पण त्याचे धनुष्य? ते आजही केले जाते, ओढले जाते, सोडले जाते. का, ते सांगतो.

संग्रहालयाच्या शेजारीच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय होते. तिथे १९१२ साली सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद रुजू झाले. त्यांना हातचलाखीचे प्रयोग करण्याचा नाद होता. इशीला त्यांच्या शस्त्रक्रियेपेक्षा त्यांनी हातातले नाणे गायब करण्याचे जास्त कौतुक. तो त्यांना ‘पोपी’ म्हणे. पोप त्याचे डॉक्टर झाले आणि मग त्याचे शागीर्द झाले. हा दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. ते वही घेऊन समोर बसले नाहीत, लाकूड घेऊन बाजूला बसले.

इशीचे धनुष्य आखूड होते. लांबी मोजायची ती अंगानेच. हात आडवा लांब करायचा आणि त्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. साधारण ४२ इंच भरे. लाकूड डोंगरी ज्युनिपरचे. ते चांगले वाळवायचे, उन्हात नाही तर अंधाऱ्या कोरड्या जागेत. मग तासत, खरवडत दोन्ही बाहू चपटे करायचे, मधली मूठ अरुंद आणि जाड ठेवायची. हरणाच्या कंडरा चावून चावून मऊ करायच्या, त्यांचे धागे सोडवायचे, आणि सामन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसाने ते धनुष्याच्या पाठीवर एकाशेजारी एक बसवायचे. वर पट्ट्या गुंडाळून वाळत ठेवायचे. प्रत्यंचाही कंडरेचीच, ओली असताना पीळ दिलेली. बाणाच्या काड्या शेकून, वाकवून सरळ करायच्या. टोकासाठी ज्वालामुखीची काळी काच. ती मिळाली नाही तर बाटलीची काचसुद्धा चाले. हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून एकेक टवका उडवत तो पान कोरावे तसे टोक कोरी.

आणि नेम? गोऱ्यांच्या रंगीत मोठ्या लक्ष्यावर तो फारसा चमकला नाही. बघे थोडे हिरमुसले असतील. पण रानात खाली बसून, आडोशाला राहून, जवळच्या अंतरावरची खार टिपायची तर त्याचा हात चुकत नसे. १९१४च्या उन्हाळ्यात पोप, क्रोबर आणि वॉटरमन त्याच्याबरोबर डिअर क्रीकच्या त्याच दऱ्यांत गेले. तिथे त्यांनी खरा इशी पाहिला. तो सापडलेल्या सशाची किंकाळी काढी आणि रान त्याच्याकडे येई. संग्रहालयात जो नोकर होता, तो रानात गुरू होता. हे पाहायला संग्रहालयाबाहेर जावे लागले, याची नोंद घ्या.

तो प्रत्यंचा ओढी ती अंगठ्याने. गोरे धनुर्धर बोटांनी ओढत. ‘अंगठा’ म्हटले की आपल्या घरात वाढलेल्या कुणाला एकलव्य आठवणार नाही? आपल्या कथेत गुरूने शिकवले नाही, आणि शिष्य पुतळ्यापुढे बसून शिकला तर त्याचा अंगठा मागून घेतला. इथे उलटे झाले. ज्या लोकांनी त्याची माणसे मारली त्यांच्यातला एक त्याच्यापुढे येऊन बसला, आणि त्याने त्याला अंगठ्याची विद्या देऊन टाकली. मला या म्हाताऱ्याचे जे कौतुक आहे ते एवढ्याचसाठी. नेमबाज जगात पुष्कळ झाले. सर्वस्व गेलेला माणूस हातातले शेवटचे देताना मोजत नाही, हे फार थोड्यांना जमते.

धनुष्याबद्दल त्याचे काही नियम होते. प्रत्यंचा चढवून धनुष्य तसेच ठेवायचे नाही, उभे करून ठेवायचे नाही. ते थकते, त्याला घाम येतो. वापरात नसेल तेव्हा आडवे ठेवायचे, त्याला ओलांडायचे नाही. आमच्या आप्पांचा करवतीवरून पाय पडला की आधी तिला हात लावून कपाळाला लावायचा नियम होता, त्याची मला आठवण झाली. काही नियम आज पटणार नाहीत. बाईने धनुष्याला शिवू नये असेही तो म्हणे. ते सोडून द्या. पण लाकडाचे धनुष्य ताणून ठेवले तर वाकून बसते आणि त्याचे बळ जाते, हे पदार्थविज्ञानही सांगते.

२५ मार्च १९१६ रोजी संग्रहालयातच इशी क्षयाने गेला. पोप शेवटपर्यंत जवळ होते. मग पोपनी १९१८ साली याही धनुर्विद्येवर प्रबंध लिहिला आणि १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर एक पुस्तक लिहिले. मात्र त्याआधी वर्षानुवर्षे ते धनुष्ये करत होते. गुरूचे आखूड धनुष्य शिकून ते थांबले नाहीत. यू झाडाच्या लाकडाचे सहा फुटी इंग्रजी धनुष्य त्यांनी हातात घेतले. त्यांचे मित्र आर्ट यंग त्यांना येऊन मिळाले. यंगचा चित्रपट पाहून फ्रेड बेअर नावाच्या माणसाला धनुष्याचे वेड लागले, त्याने पुढे मिशिगनमध्ये धनुष्यांचा कारखाना काढला. हॉलेस ॲलन यांनी १९६९ साली कप्प्या लावलेल्या धनुष्याचे पेटंट घेतले, तेव्हा वाटले होते की लाकडी धनुष्य संपले. संपले नाही. आजही आपल्या अंगणात लाकूड तासत बसणारे धनुष्यकार त्या देशात आहेत, आणि त्यांना गुरुपरंपरा विचारली तर बोट मागे मागे जात त्या संग्रहालयातल्या झाडूवाल्यापर्यंत पोचते.

हा फरक मला सभेत सांगायचा होता. एकाच माणसाकडून दोन गोष्टी घेतल्या गेल्या. भाषा मुद्रित केली गेली, धनुष्य शिकले गेले. जे मुद्रित झाले ते मुके झाले. जे शिकले गेले त्याला शंभर वर्षांनंतरही नवे हात फुटत आहेत.

आता आक्षेप. कुणी म्हणेल, मुद्रण केले ते काय वाईट केले? वाईट नाही केले. सपीरच्या टिपणांवाचून आज त्या भाषेबद्दल फार थोडे कळले असते. माझी तक्रार मुद्रणाविरुद्ध नाही. मुद्रण झाले की कर्तव्य संपले, या समाधानाविरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे आणि मला तो मान्य आहे. कुणी म्हणेल, हे शिकणे कसले, ही चोरीच. याही लोकांचे रान घेतले, माणसे घेतली आणि शेवटी विद्याही घेतली. पोपच्या गोष्टीवर हा डाग आहेच. १९६१ साली अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा एक मोठा संघ निघाला, त्याला नाव दिले पोप आणि यंग यांचे. गुरूचे नाव पाटीवर आले नाही. इशी गेल्यावर त्याचे शवविच्छेदन झाले. ते करू नका, असे क्रोबरनी न्यूयॉर्कहून पत्राने कळवले होते, पण पत्र पोचायला उशीर झाला. मग त्याच क्रोबरनी मेंदू काढून घेतलेला पाहिला आणि १९१७ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला. म्हणजे जतन करण्याची हौस माणसाच्या मेंदूपर्यंत गेली! धनुष्य, बाण आणि तंबाखू बरोबर देऊन देहाचे दहन केले. मेंदू मात्र बरणीत राहिला.

आणि खुद्द पोप? १९२० साली यलोस्टोनच्या रानात त्यांनी धनुष्याने अस्वले मारली ती कशासाठी, तर एका संग्रहालयाला पेंढा भरून ठेवायला हवी होती म्हणून. शागीर्दसुद्धा शेवटी संग्रहालयाच्याच दारात उभा राहिला. मी त्यांना देव करत नाही. तरीही म्हणतो, की त्या सगळ्या मंडळींत एकट्यानेच इशीकडून जे घेतले ते हातांनी घेतले. म्हणून तेवढेच चालते राहिले.

तिसरी गोष्ट ‘शेवटचा’ या शब्दाची. वर्तमानपत्रांनी त्याला ‘शेवटचा रानटी इंडियन’ म्हटले. पुढे स्टीव्हन शॅकली या अभ्यासकाने इशीची बाणांची टोके तपासली. ती याही घडणीची कमी आणि शेजारच्या विंटू, नोमलाकी लोकांच्या घडणीला जवळची निघाली. तो कदाचित मिश्र घरातला होता, कदाचित शेजाऱ्यांकडून शिकला होता. आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. आणि त्याचा मेंदू २००० साली स्मिथसोनियनने परत केला, तो कुणाला? याना लोकांचे वंशज ज्यांच्यात आहेत त्या पिट रिव्हर आणि रेडिंग रँचेरिया इथल्या जमातींना. म्हणजे भाऊबंद होते! जवळजवळ नव्वद वर्षे सगळे त्याला शेवटचा म्हणत राहिले. ‘शेवटचा’ म्हटले की मागे कुणी आहे का, हे शोधायची जबाबदारी संपते. फार सोयीचा शब्द आहे हा.

अजून एक दाखला देतो आणि दुसऱ्या घरचे दाखले संपवतो. १५४५ साली मेरी रोझ नावाचे इंग्रजी लढाऊ जहाज बुडाले. त्याच वर्षी रॉजर ॲस्कम यांचा धनुर्विद्येवरचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ छापला गेला. १९८२ साली जहाजाचे अवशेष समुद्रातून वर काढले. त्याच्या उत्खननात शंभराहून अधिक मोठी धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. चारशे वर्षे चिखलाने त्यांचे जतन केले होते, आपल्या कुठल्याही दालनापेक्षा चांगले! पण त्या धनुष्यांचे बळ किती होते, हे ती धनुष्ये सांगू शकेनात. लाकूड आतून खराब झाले होते. मग त्याच मापाची नवी धनुष्ये करून ती ओढून पाहावी लागली, तेव्हा कळले की त्यांतली बहुतेक शंभर पौंडांच्या वर जोर मागणारी असणार. १५४५चे धनुष्य १५४५चे सत्य सांगेना. ते सांगितले आजच्या कारागिराच्या हाताने. ग्रंथ होता, वस्तू होती, तरी हात लागलाच.

इथपर्यंत मी दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःची पाळी.

माझे आप्पा बैलगाड्या करत. आमच्या भागातले शेतकरी त्यांच्याकडे कानडीत यायचे आणि मराठीत पैसे बुडवायचे. कधी उलटही व्हायचे. आप्पा दोन्ही भाषांत सारखेच शिव्या द्यायचे आणि दोन्ही भाषांत सारखेच विरघळायचे. चाकावर धाव चढवायची त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा असे. लोखंडी धाव शेणकुटांच्या जाळात तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, आरे करकरत, आणि धाव चाकाला जी आवळून बसे ती वर्षानुवर्षे सुटत नसे.

१९७१ साली मी अकरावीत होतो. आप्पा म्हणाले, “बाळ, सांजचं जरा बस की माझ्यापाशी. हात बसंल तुझा.” मी म्हणालो, “आप्पा, अभ्यास हाय.” ते पुन्हा एकदा म्हणाले, मग म्हणाले नाहीत. मी शिकलो, मास्तर झालो, आणि विनोद पाहा, हस्तव्यवसायाचा मास्तर झालो. वर्गात मुलांकडून पुठ्ठ्याच्या पेट्या करून घेतल्या. आप्पा १९८९ साली गेले.

२००६ साली मी नवीन घर बांधले. दिवाणखान्यात काचेचा शोकेस केला. त्यात आप्पांचा वाकस, रंधा, दोन पटाश्या आणि गिरमिट मांडले. वर छोटा दिवा लावला. येणारे-जाणारे फोटो काढतात, म्हणतात, “मास्तर, वडिलांचे केवढे जतन केलेत!” मी मान खाली घालून हसतो. नम्रतेने हसतो असे त्यांना वाटते.

वाचकहो, धाव किती तापली म्हणजे पुरे, हे आप्पा कशावरून ओळखत? रंगावरून, वासावरून, की काही टाकून पाहत? मला माहीत नाही. मी अंगणात होतो, दहा-वीस वेळा पाहिले असेल, पण पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. गिरमिटाला काच आहे, दिवा आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोकेसमध्ये कुठेच नाही. त्या दिवशी सभेत मी टाळी वाजवली ती या शोकेसच्या मालकाने वाजवली होती. अध्यक्षांवर राग काढायचा मला काय अधिकार?

आणि हे फक्त वाकसापुरते आहे का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ले. आनंद खराच होता. पण पेढा देणाऱ्या गृहस्थांचा नातू त्यांच्याशी एक वाक्य मराठीत पुरे करू शकत नाही. मी विचारले, तर म्हणाले, “त्याच्या आज्जीच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्यात की मोबाइलवर!” त्या कुणी ऐकल्या, विचारले नाही. माझ्या डोळ्यांसमोर मेणाच्या १४८ नळकांड्या आल्या. इशीजवळ तरी ऐकायला दुसरे कुणी नव्हते. आज्जी मात्र पलीकडच्या खोलीत बसलेल्या होत्या आणि नातू अलीकडच्या.

त्या नातवाने कानडी बोलू नये, इंग्रजी शिकू नये, असे मी म्हणत नाही. आमचे आप्पा दोन भाषांत जगले आणि कुठलीच उपाशी मेली नाही. मी एवढेच म्हणतो की ओवी जात्यावर शिकायची असते आणि जाते नसेल तर मांडीवर. तिला यंत्रात घालून आपण फक्त आपला अपराध मुद्रित करतो.

सभेनंतर आठ-दहा दिवसांनी मी शोकेस उघडला आणि वाकस काढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सुताराचे दुकान आहे. पस्तिशीचा माणूस, घरी कानडी, माझ्याशी मराठी. यंत्रावर काम करतो, पण त्याचा हात वाकसावर बसलेला आहे. गावाकडे चुलत्याकडून शिकला. मी त्याच्यापुढे वाकस धरला. अठरा वर्षे पुसून पुसून चकचकीत ठेवलेला. त्याने अंगठा फिरवला आणि हसला. “मास्तर, याला धारच न्हाई की हो!”

त्याचे ते वाक्य आमच्या सभेतल्या सगळ्या भाषणांना पुरून उरले. आता आठवड्यातून दोन संध्याकाळ मी त्याच्याकडे जातो. सत्तरी उलटल्यावर हात काय बसणार! पहिल्या महिन्यात फक्त धार लावायला शिकलो आणि डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले. गाडीचे चाक मी करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुकानात उमेदवारी करणारा एक पोरगा माझ्याकडे टक लावून बघत असतो. त्याला मी आप्पांचे जेवढे आठवते तेवढे सांगतो. तो मधूनच विचारतो, “मग धाव तापली हे कसं कळायचं?” मी म्हणतो, “मी विचारलं नाही रे. तू विचार तुझ्या मास्तराच्या चुलत्याला. अजून आहे तो.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघे त्याच्या गावाला जाणार आहोत. मोबाइल घरी ठेवून.

जतन करणाऱ्या मित्रांनो, दालने बांधा, माझी हरकत नाही. पण फीत कापायच्या आधी एक करा. ज्याच्या नावाने दालन काढता तो म्हातारा जिवंत असेल तर त्याच्या अंगणात जाऊन खाली बसा, आणि त्याला म्हणा, मला शिकवा. तो तुम्हाला दोनदा बोलावील. तिसऱ्यांदा बोलावणार नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.